आत्याच्या दाराशी कोण होतं

ही गोष्ट खरी आहे.

भयकथा लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेली, म्हणजे थापच असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण थाप मारणारा माणूस स्वतःला त्यात जरा तरी बरा दाखवतो. याने तेवढंसुद्धा केलं नाही.

दिवस उन्हाळ्यातला, रविवारचा. वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची. तिसऱ्या मजल्यावरचं शेवटचं घर. खाली गल्लीत कोणीतरी मोटार धूत होतं, समोरच्या गॅलरीत चादरी वाळत होत्या. भुतं अंधारातच येतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो आत्ताच बाजूला ठेवावा.

पण त्या रविवारी जे समोर आलं ते त्या रविवारी सुरू झालं नव्हतं.

ते सुरू झालं होतं लेखकाच्या एका सवयीतून.

त्याला आपण लेखकच म्हणू. आत्या त्याला बाळ्या म्हणायची. एका साप्ताहिकात त्याची भयकथा यायची आणि ती वाचून लोक रात्री पाणी प्यायला उठताना घरातले सगळे दिवे लावायचे, अशी त्याची ख्याती होती. हा स्वतः मात्र एक नंबरचा भित्रा. रात्री लिहायची छाती नाही, म्हणून दुपारी लिहायचा. त्याची बायको शाळेत शिकवायची. ती पाहुण्यांसमोर सांगायची, "जगाला घाबरवतात आणि रात्री मला म्हणतात, बाथरूमपर्यंत चल ना जरा."

कार्यक्रमांत लोक त्याला हमखास विचारायचे, "तुम्हाला हे सुचतं कुठून?"

त्याचं उत्तर तयार असायचं. लहानपण, एकांत आणि भरपूर वाचन. लोक टाळ्या वाजवायचे. वही काढून लिहूनही घ्यायचे बिचारे.

खरं उत्तर टाळ्या मिळण्यासारखं नव्हतं.

लेखकाचा एक नियम होता. जो आवाज जिवंत माणसावर करून पाहिलेला नाही, तो कागदावर घ्यायचा नाही. आचारी वाढण्याआधी मीठ चाखतो, तसं. पण स्वतः चाखून उपयोग नव्हता. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, आणि आपल्याच आवाजाने भीतीही वाटत नाही. त्याने बायकोवर प्रयोग करून पाहिला. ती खोलीत पेपर तपासत होती, तेव्हा त्याने बाहेरून दारावर हळूच नखं ओढली.

आतून आवाज आला, "अहो, मांजर आलंय बहुतेक. हाकला."

त्या आठवड्याची कथा तिथेच मेली.

मग आत्या राहायला आली.

आत्याने त्याला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. आत्याने शिवणकामावर दोन पोरं मोठी केली, एक स्वतःची आणि एक भावाची. तिची मुलगी म्हणजे छोटी. चाळिशीला आली तरी छोटीच. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिच्या कामाच्या वेळा सारख्या बदलायच्या. आत्याचे डोळे गेले, नुसता उजेड-अंधार कळायला लागला, तेव्हा तिला एकटं ठेवणं छोटीला जमेना. लेखक स्वतःहून म्हणाला, "आत्याला माझ्याकडे पाठव. मी घरीच तर असतो."

यात त्या वेळी काही काळंबेरं नव्हतं. एवढं त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं.

पुढच्या खोलीत त्याचं टेबल. तिथून एक लांब अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. ती आत्याची. तिथे तिचं शिलाई मशीन ठेवलं, पलंगावर बटणांचा डबा दिला. दुपारी ती बोटांनी बटणं निवडत बसायची.

एकदा लेखक बोळातून जात होता. चप्पल तुटली होती, ती फरपटत होती. आत्याच्या दाराशी आल्यावर तो अंगठा अडकवायला थांबला.

पावलं वाजत आली... आणि दाराशी थांबली.

आत बटणांचा आवाजही थांबला.

लेखकाने फटीतून पाहिलं. आत्याने मान वर केली होती. बोटं डब्यात तशीच. चेहरा दाराकडे, आणि त्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे त्याने इतकी वर्षं कागदावर आणायचा प्रयत्न केला होता आणि त्याला जमलं नव्हतं.

"कोण आहे?" आत्याने विचारलं. "बाळ्या, तू का?"

हुंकाराएवढा आवाज पुरला असता.

त्याने तो दिला नाही.

तो पाऊल न वाजवता मागे फिरला, टेबलाशी बसला आणि एका बैठकीत कथा लिहून काढली. साप्ताहिकाच्या संपादकाचा फोन आला, "हे काय दिलंत? माझी मुलगी कालपासून आमच्या खोलीत झोपतेय." लेखक त्या दिवशी खूश होता. तो किती खूश होता, हे आठवून आता त्याला स्वतःची किळस येते.

मग ती सवयच झाली.

बायको शाळेत गेली की तो बोळात जायचा. एखाद दिवशी किल्ली फरशीवरून सरकवायचा. एखाद दिवशी दाराला टेकून नुसता श्वास घ्यायचा. दोन पावलं टाकायची आणि तिसरं टाकायचंच नाही, ही त्याची सगळ्यात गाजलेली युक्ती याच बोळात सापडली. आवाजाची भीती नसते, आवाज थांबल्याची असते, हे वाक्य तो नंतर भाषणांत वापरायचा. कुठे कळलं, ते कधी सांगितलं नाही.

आत्या प्रत्येक वेळी विचारायची, कोण आहे.

संध्याकाळी चहा पिताना म्हणायची, "दुपारी कोणीतरी दाराशी होतं रे."

"मी लिहीत होतो, आत्या. भास असेल."

"असेल बाबा," ती म्हणायची आणि कप बोटांनी चाचपत खाली ठेवायची.

मांजर डोळे मिटून दूध पितं. आत्या आंधळी होती, पण डोळे मिटलेले होते ते याचे.

काही महिने असेच गेले. मग आत्याचं घाबरणं बदललं.

आधी ती दाराकडे बघायची. आता दाराच्या जरा वर बघायला लागली. लेखकाच्या डोक्यापेक्षा वर. एका दुपारी तो फटीशी वाकून उभा होता आणि ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली...

"मागे कोण आहे?"

लेखकाच्या अंगावर काटा आला. मग त्याला वाटलं, काय सुंदर वाक्य आहे.

त्याच्या नव्या पुस्तकाचं नाव तेच ठेवलं गेलं. पुस्तक हातोहात खपलं.

आत्या मात्र दिवसेंदिवस उतरत चालली. पलंग हलवून द्या म्हणाली, दाराकडे तोंड नको. एकदा संध्याकाळी तिने लेखकाची बाही घट्ट धरली. "बाळ्या, दुपारी तू एकटाच असतोस ना रे?"

"एकटाच असतो."

"नक्की?"

"अगं हो."

"मग बोळात नको जात जाऊस. पुढेच बस. उजेडात बस."

त्या रात्री छोटीचा फोन आला. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "दादा, एक विचारू? रागावू नकोस. दुपारी तू आईच्या दाराशी जाऊन उभा राहतोस का रे?"

लेखकाने एकदा बोळाकडे बघितलं.

"काहीतरीच काय? मी टेबलावरून उठतसुद्धा नाही."

"खरंच?"

"आत्याची शपथ."

मग छोटी म्हणाली, "मग डॉक्टरांना दाखवायला हवं तिला."

दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय ऐकू येतं, काय काय दिसतं. लेखक शेजारी बसून मान हलवत होता. गोळ्या सुरू झाल्या. नातेवाईक भेटायला आले की मोठ्याने बोलायला लागले, जणू आत्याचे कानही गेले होते. "वयच झालंय," कोणी म्हणालं. "डोक्यात गेलंय," कोणी म्हणालं. लेखकाने तोंडातून ब्र काढला नाही.

गोळ्यांनी आत्या दुपारभर गुंगीत असायची. दाराशी किल्ली सरकली तरी मान वर होईना. आणि इथे जे सांगायचंय ते मला सांगताना लेखकाने खाली फरशीकडे बघितलं होतं. त्याला राग आला. आत्याचा राग. ती घाबरत नाही म्हणून.

एका दुपारी त्याने बोळात खुर्ची ओढली. जरा जोरातच.

आत्या पलंगावर उठून बसली. मग उभी राहिली.

घाबरलेला माणूस मागे सरकतो, असं त्याने शंभरदा लिहिलं होतं. आत्या पुढे आली. ओठ कापत होते, दोन्ही हात समोर धरलेले. सरळ दाराकडे. तिला एवढं घाबरलेलं त्याने कधीच पाहिलं नव्हतं, आणि तरी ती येत होती.

एक शब्द बोलला असता तर ती थांबली असती.

लेखक बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून. चोरी पकडली जाऊ नये म्हणून.

आत्या उंबरठ्याबाहेर पडली ती पुन्हा उठली नाही. खुब्याचं हाड मोडलं, मग दवाखान्यात छातीत पाणी झालं. लेखकाने सगळ्यांना सांगितलं, "मी लिहीत होतो. धपकन आवाज आला म्हणून धावलो." लोकांनी त्याच्याच खांद्यावर हात ठेवले. स्वतःच्या आईसारखं केलंस हो, म्हणाले.

आत्या गेल्यावर त्याला एक ओळ लिहिता येईना.

टेबलाशी बसायचा. खिडकी उघडी ठेवायचा. बायको गेली की रेडिओ लावायचा.

मग एका दुपारी रेडिओतलं गाणं संपलं, आणि पुढचं सुरू व्हायच्या आत...

बोळातून आवाज आला.

दोन पावलं... आणि फरफट.

काहीतरी जड ओढल्यासारखी फरफट. मग शांतता. मग पुन्हा दोन पावलं... आणि फरफट.

तो उठून बोळात गेला. बोळ रिकामा. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत मशीन, पलंग, डबा. सगळं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधीच्या दिवसापेक्षा जरा वेगळं. पाऊल हलकं, फरफट लांब. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळं.

लेखकाला हे ओळखीचं होतं. एकच आवाज रोज थोडा बदलून पाहायचा, कुठे बसतो ते बघायचं. हे काम त्याचंच होतं. आता त्याच्यावर कोणीतरी ते करत होतं.

आत्याच असणार. कर म्हणावं. तिचा हक्कच आहे.

त्याने बायकोला विचारलं, "तुला बोळात काही ऐकू येतं का गं?"

"नाही बाई. भास असेल," ती म्हणाली. "झोप नाही ना होत तुमची. डॉक्टरांकडे जाऊया का?"

खाई त्याला खवखवे.

आणि मग तो रविवार आला.

बायको भावाकडे गेली होती. छोटी आईचं शिलाई मशीन न्यायला आली. टेम्पोवाला उशिरा येणार होता, म्हणून दोघं पुढच्या खोलीत बसले. छोटी वाळली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ती अचानक म्हणाली, "दादा, त्या घड्याळवाल्यांना मी उद्या नकार कळवणार आहे."

छोटीच्या प्रयोगशाळेखाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. बायको वारलेला, शांत माणूस. वर्षभर दोघं दुपारचा डबा एकत्र खात होते. त्याने लग्नाचं विचारलं होतं. घरात सगळ्यांना आनंद झाला होता.

"का गं? चांगला माणूस आहे."

"चांगला आहे म्हणूनच. पहिल्या बायकोचं आजारपण काढलंय त्याने. आता पुन्हा एक वेडी बाई कशाला बांधू त्याच्या गळ्यात?"

"कोण वेडी?"

"आईचं बघितलंस ना तू. हे रक्तातून येतं, दादा. मी रोज रक्तच बघते." तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "आईच्या उरलेल्या आहेत. रात्री अर्धी घेते. आधीपासून घेतलेली बरी."

"तुला काही ऐकू येतं का?"

"अजून नाही," छोटी म्हणाली.

पट्टीतली निम्मी घरं रिकामी होती.

बोळातून आवाज आला.

दोन पावलं... आणि फरफट.

छोटी पट्टी पर्समध्ये ठेवत होती. तिने काही ऐकलं नव्हतं.

त्याला कळत होतं, एक वाक्य बोललं की ही पोरगी सुटते. आणि ते वाक्य बोललं की हा संपतो. ती पुन्हा तोंड बघणार नाही. बायकोला कळेल. सगळ्यांना कळेल, की पुस्तकावर ज्याचा फोटो आहे तो म्हाताऱ्या आंधळ्या बाईला घाबरवून लिहायचा.

"छोटी," तो म्हणाला, "ती पट्टी फेकून दे. आत्याला वेड लागलं नव्हतं. दाराशी मीच असायचो."

आणि त्याने सगळं सांगितलं. चप्पल, किल्ली, श्वास, खुर्ची. तो बाजूला झाला तेसुद्धा. तो बोलत होता आणि छोटी त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याला वाटत होतं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

तो थांबला तेव्हा छोटी म्हणाली, "आईला माहीत होतं."

"काय?"

"तू असायचास ते. पहिल्या दिवसापासून. वाकताना तुझा गुडघा वाजतो, दादा. लहानपणी सायकलवरून पडलास तेव्हापासून. तो तिला ओळखू येणार नाही?"

लेखकाचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"फोनवर हसायची. म्हणायची, बाळ्या येतो, दाराशी उभा राहतो, मी घाबरल्यासारखं करते. मग धावत जातो लिहायला. करू दे. त्याचं पोट आहे त्याच्यावर. पोराला एवढं तर देता येतंय ना मला अजून."

लेखकाने तोंडावर हात घेतला. तो रडत होता की नाही, हे त्याला आता आठवत नाही.

"मग डॉक्टर का?" त्याने विचारलं. "माहीत होतं, तर मला विचारलंस का?"

छोटीने पर्स बाजूला ठेवली.

"कारण पुढे पुढे ती दुसरंच सांगायला लागली," ती म्हणाली. "म्हणाली, उजेडात एक काळं दिसतं, तो बाळ्या. ठीक आहे. पण आता त्याच्या मागे अजून एक असतं. त्याच्याहून उंच. बाळ्या पाऊल टाकतो तसं ते टाकतं. बाळ्या निघून जातो... ते जात नाही."

खाली मोटार धुणाऱ्याने नळ बंद केला.

"मला कळेना, काय खरं मानायचं. म्हणून तुला फोन केला. म्हटलं, तू हो म्हणालास की कळेल, आई शुद्धीत आहे. तू शपथ घेतलीस. मग मी धरून चालले की सगळंच तिच्या डोक्यातलं आहे. पहिलंही आणि दुसरंही."

ती हे बोलली आणि बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. आधी सुटल्यासारखा झाला. आई वेडी नव्हती. आईने जे ऐकलं ते खरं होतं. छोटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.

मग हसू हळूहळू मावळलं.

पहिलं खरं असेल, तर दुसरं?

"दादा," तिने विचारलं, "तू कधी काही पाहिलंस का?"

आता भास म्हणायचं, तर आत्या पुन्हा वेडी ठरत होती. छोटी पुन्हा ती अर्धी गोळी घेणार होती. लेखकाने आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरं उत्तर दिलं. जे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

"मी बाजूला झालो," तो म्हणाला, "पण ती लगेच पडली नाही, छोटी."

"म्हणजे?"

"तिचे हात पुढे होते. ते हवेत कशावर तरी मिटले. आपण एखाद्याचे दंड धरतो ना, तसे. ती पुढे झुकली होती, सगळा भार हातांवर टाकून. तोल गेलेला माणूस तसा उभा राहूच शकत नाही. ती राहिली. आणि हसली. म्हणाली... 'सापडलास एकदाचा. चल आत. इथे नको उभा राहूस.'"

"आणि तू?"

"मी भिंतीला चिकटून होतो. तिच्या बाजूला. हातभर अंतरावर."

छोटी हलली नाही.

"मग ती पडली. ओढल्यासारखी. पुढे."

"म्हणून तिच्या मुठी..." छोटी म्हणाली आणि थांबली.

दवाखान्यात आत्याच्या मुठी शेवटपर्यंत उघडल्या नव्हत्या. नर्सने बघितलं, छोटीने स्वतः बोटं सोडवून बघितली. काहीतरी घट्ट पकडल्यासारखे हात, आणि आत काहीच नाही. तिला तसाच निरोप दिला होता.

दोघं बसून राहिले. बोळात आता कसलाच आवाज नव्हता. आणि लेखकाला ती शांतता ठाऊक होती. कोणीतरी दाराआड उभं राहून, श्वास रोखून ऐकतं, तेव्हा अशीच शांतता असते.

टेम्पोवाल्याने खालून हॉर्न दिला. छोटीने डोळे पुसले. जाताना ती मागच्या खोलीत गेली नाही. म्हणाली, मशीन इथेच राहू दे. दारात वळून तिने लेखकाच्या पाठीवरून हात फिरवला. "तिला वाटलं, तू सापडलास. एवढं तरी बरं झालं, दादा."

घड्याळवाल्याशी तिचं लग्न झालं. कचेरीत जाऊन सह्या केल्या, घरची चार माणसं होती. लेखक गेला होता. छोटी छान दिसत होती. गोळ्या तिने त्या रविवारीच गटारात टाकल्या होत्या. तिला अजून काही ऐकू येत नाही आणि येणारही नाही. निदान तेवढं एक चांगलं झालं.

लेखक आता लिहीत नाही. बायको म्हणते, हे घर विकू, दुसरीकडे जाऊ. तो काहीतरी कारण काढतो.

कारण दुपारी बोळातून आवाज येतो. दोन पावलं... आणि फरफट. आधी त्याला वाटायचं, आत्या आपल्यावर प्रयोग करतेय. आता त्याला त्या आवाजातलं सगळं कळतं. दंड धरून कोणीतरी कोणाला तरी आत ओढतंय. ओढणारीची पावलं हलकी आहेत. जे ओढलं जातंय ते खूप जड आहे, आणि त्याला आत जायचं नाही.

आत्याला वाटतंय, तिच्या हातात बाळ्या आहे.

अलीकडे फरफट कमी झाली आहे. दोन पावलांनंतर ती बराच वेळ थांबते. दमली असावी. कधी कधी त्याला वाटतं, पुढच्या खोलीतून मोठ्याने हाक मारावी, "आत्या, मी इथे आहे गं. ते सोड." एवढं म्हटलं की ती मोकळी होईल. ज्या बाईने त्याला वाढवलं, तिचे हात अखेर सुटतील.

पण तिने हात सोडले, की ते मोकळं होईल. आणि त्याला माहीत आहे, ते कोणाच्या मागे उभं राहायला आलं होतं.

हे सगळं त्याने स्वतः मला सांगितलं. मी विचारलं, "मग मारलीस का हाक?"

"नाही," तो म्हणाला. "अजून गप्पच आहे."